रंग मारून ओल जात नाही

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या विहारात युवकांची बैठक होती. विषय शिष्यवृत्तीचा होता. बैठक संपल्यावर एक पोरगा माझ्याजवळ आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, चौघं मिळून एका खोलीत राहतात. त्याने मोबाईलमधला फोटो दाखवला. भिंतीचा कोपरा छतापासून खाटेपर्यंत काळा पडलेला. म्हणाला, "ताई, याला काय लावायचं? रूममधल्या दोघांचा खोकला जात नाही." शेजारी आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते उभे होते. ते हसून म्हणाले, "अरे, भिंतीचं गवंड्याला विचार. ताईंना चळवळीचं विचार."

सरांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांचा मान मोठा, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. पण घरी येईपर्यंत ते हसणं डोक्यातून गेलं नाही. हा लेख त्याचं उत्तर आहे. भाड्याच्या घरातली ओल हा चळवळीचा विषय आहे, असं माझं म्हणणं आहे. कारण ओलीचं घर आपल्या वाट्याला येतं ते जातीमुळे, त्या ओलीचा दोष आपल्या राहणीवर येतो तोही जातीमुळे, आणि घर जाईल या भीतीने आपण तक्रार करत नाही, त्याचंही मूळ तिथेच आहे.

आधी स्वतःचं सांगते. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही पुण्याच्या एका उपनगरात घर शोधत होतो. नऊ घरं पाहिली. फोनवर घर रिकामं असायचं, आडनाव सांगितलं की ते भाच्याला द्यायचं ठरलेलं असायचं. काही जण सभ्य होते. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या आळीला, मग देव्हारा कुठे ठेवणार, मग नॉनव्हेज. शेवटी एजंट म्हणाला, "ताई, एक आहे. तळमजला, मागची बाजू. मालकांना लगेच द्यायचंय, ते जास्त काही विचारणार नाहीत." घर मिळतंय याचा इतका आनंद झाला की मालक काही का विचारत नाहीत, हे आम्हीही विचारलं नाही. भिंतींना ताजा रंग होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रंगाला फुगे आले. मग पोपडे सुटले. मग कपाटामागे काळे ठिपके, आणि कपाट उघडलं की कुबट वास. रात्री मुलीची छाती घरघरायची. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड मी भिंतीला लागून रॅकवर ठेवले होते. ऑगस्टमध्ये एक खंड काढायला गेले तर मागची पानं एकमेकांना चिकटलेली. मालकीणबाईंना सांगितलं. काकू आल्या, भिंत पाहिली आणि म्हणाल्या, "तुमच्या आधी असं नव्हतं हो. तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे आत वाळत घालता. एकदा रंग मारून घ्या."

काकूंचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. कपडे खोलीत वाळले की त्यातलं पाणी हवेत जातं आणि थंड भिंतीवर बसतं. पण त्या घराला बाल्कनी नव्हती. खिडकीसमोर दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत आणि खाली उघडं गटार. खिडकी बंद ठेवावी तर बुरशी, उघडावी तर डास. अशा घरात माणसाने कपडे कुठे वाळवायचे, याचं उत्तर काकूंकडे नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं आणि आम्हीही मान खाली घातली. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, जातीवर निबंध लिहिलेत. तरी त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपणच घर नीट ठेवत नाही की काय.

इथे कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? ओल तर सवर्णांच्या घरालाही येते. येते ना. समुद्राजवळच्या महागड्या फ्लॅटलाही येते. पण ज्याला कुठेही घर मिळतं त्याच्यापुढे ओल आल्यावर दोन वाटा असतात. मालकाशी भांडायचं, नाही ऐकलं तर घर सोडायचं. दुसरी वाट उघडी असते म्हणून पहिलीला जोर असतो. आपल्यासाठी घर सोडणं म्हणजे पुन्हा नऊ घरं आणि पुन्हा आडनाव. म्हणून आपण भांडत नाही. हे मालकाला माहीत असतं आणि एजंटलाही. जी खोली बाकीच्यांनी बघून नाकारलेली असते ती आपल्याला दाखवली जाते, आणि दुरुस्ती न करताही तिचं भाडं सुरू राहतं.

ही माझ्या एकटीची तक्रार नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशा नावांनी घरासाठी विचारणा करून कुणाला काय उत्तर मिळतं ते त्यांनी नोंदवलं. नाव बदललं की उत्तर बदलत होतं. सर्वांत जास्त नकार मुस्लिमांना मिळाले, त्याखालोखाल दलितांना. ज्यांना घर मिळालं त्यांच्यातल्या काहींना भाडं आणि अटी वेगळ्या लावल्या गेल्या. 'वेगळ्या अटी' हे शब्द लक्षात ठेवा. न लिहिलेली एक अट अशीही असते, की मिळालंय ते घ्या आणि तोंड बंद ठेवा.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना कुणी घर दिलं नाही, पारशी नाव घेऊन धर्मशाळेत राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. ती जागा कशी होती हे मात्र कुणी सांगत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ते लिहिलंय. धर्मशाळेत दुसरा कुणी प्रवासी उतरत नव्हता, रिकाम्या जागेतून काही कमाई व्हावी म्हणून ती देणाऱ्याने त्यांना ठेवून घेतलं. वरच्या मजल्यावर लहानशी खोली, बाकी मोठ्या हॉलमध्ये मोडकं सामान भरलेलं, विजेचा दिवा नाही, रात्री वटवाघळं. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात मिळालेली जागा ही होती. जी इतरांनी सोडून दिली होती ती. शंभर वर्षांनी आपल्या वाट्याला तळमजल्याची मागची बाजू येते किंवा गळक्या गच्चीखालचा वरचा मजला येतो, तेव्हा हा धागा दिसला पाहिजे.

वस्तीत तर याहून वाईट आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता वर जातो आणि जुन्या खोल्या खाली जातात. उंबरठ्याच्या आत पाय ठेवला की एक पायरी उतरावी लागते. जोतं जमिनीच्या खाली गेलं की ओल भिंतीत चढते. तिथल्या बाईला आपण स्वच्छतेवर व्याख्यान देतो. मी स्वतः दिलंय, आणि आता त्याची लाज वाटते.

दोष राहणाऱ्याच्या राहणीवर ढकलायची पद्धत फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. आईवडील सुदानहून आलेले, सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारे. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. काकू मला जे म्हणाल्या तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला, की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकारात मुलगा गेला. या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीत धरून चाललो ते चूक होतं, हे संस्थेला कबूल करावं लागलं. आईवडिलांनी लढा सोडला नाही. २०२३ च्या कायद्यात त्यांच्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. सामाजिक घरांच्या मालक संस्थांवर ओल आणि बुरशीची चौकशी व दुरुस्ती ठरावीक मुदतीत करण्याचं बंधन त्यातून आलं. भिंतीचा प्रश्न तिथे संसदेत गेला. आपण तो विहाराच्या दारात हसण्यावारी नेतो.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येते. याला काय लावायचं? काही लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. ओलीचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिली गळतीची. गच्ची, बाहेरची तडा गेलेली भिंत, वरच्या मजल्याची मोरी किंवा भिंतीतला पाईप. हिचा डाग एका जागी सुरू होऊन पसरतो. पावसाबरोबर वाढला तर गच्ची किंवा बाहेरची भिंत, बारा महिने राहिला तर पाईप. दुसरी जमिनीतून चढणारी. ती तळमजल्यावर, भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत दिसते, गिलावा भुसभुशीत होतो आणि पांढरा लोणा येतो. तिसरी हवेतल्या वाफेची, जिथे हवा खेळत नाही तिथे, कपाटामागे आणि कोपऱ्यात. शंका असेल तर भिंत कोरडी पुसून स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. पाणी फॉइलच्या वरच्या बाजूला असेल तर ते खोलीतल्या हवेचं. भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल भिंतीत आहे, आणि तुम्ही कपडे कुठे वाळवता याचा त्याच्याशी संबंध नाही. पहिल्या दोन प्रकारांत राहणाऱ्याच्या हातात जवळजवळ काही नसतं. तिसऱ्यात थोडं असतं, पण खिडकी कुठे असावी हे राहणाऱ्याने ठरवलेलं नसतं.

तब्येतीचंही स्पष्ट बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका वाढतो, असं त्या सांगतात. ओलीने टीबी होत नाही, पण बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत एकाला टीबी असला तर तो दुसऱ्याला लवकर लागतो. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर भिंतीला दोष देत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, ती तपासणी मोफत आहे. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, कण हवेत उडतात. मास्क लावा, हातमोजे घाला, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या आणि जागा वाळू द्या. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि पाणी येणं थांबवल्याशिवाय रंग मारू नका. पुढच्या पावसात तो उतरणारच.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. वाचायला छान वाटतं. पण हा हक्क 'भाडेकरू'चा आहे. आज शहरात आपल्या हातात पडतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्यात आपण भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. म्हणजे भाडं द्यायचं, पण भाडेकरूचा हक्क मागायचा नाही. अकरा महिन्यांनी मालकाला कारण न सांगता करार संपवता येतो, म्हणून नवव्या महिन्यात कुणी ओलीबद्दल तोंड उघडत नाही.

तरीही हात अगदी रिकामे नाहीत. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. आपली कितीतरी पोरं कागदाशिवाय राहतात आणि कागद नाही म्हणून घाबरतात. घाबरायचं कारण उलट मालकाला आहे. सहकारी सोसायटीत गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाईपमधून गळती असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे ते काम सोसायटीचं असतं, तेव्हा मालकाला सांगा की सोसायटीकडे अर्ज करा. आणि तत्त्वाची लढाई लढायची असेल तर चमेली सिंग खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन घेण्यावरून तो खटला उभा राहिला होता. निवाऱ्याचा हक्क म्हणजे डोक्यावर फक्त छप्पर नव्हे, पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, शुद्ध हवा आणि पाणी हे त्यात येतं, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. आपल्याच माणसांच्या घरांवरून आलेला हा निकाल आपल्याच भाषणांत ऐकू येत नाही.

आता थोडं कडू बोलते. ओलीच्या खोल्यांचे सगळे मालक सवर्ण नाहीत. आपल्यातल्या ज्यांची दोन घरं झाली, वस्तीत चार खोल्या झाल्या, तेही त्याच पद्धतीने भाडं घेतात. जयंतीला वर्गणी देतात, दारावर निळा झेंडा असतो, आणि खोलीतल्या विद्यार्थ्याने गळतीचं सांगितलं की म्हणतात, "जमत नसेल तर दुसरीकडे बघ." दुसरीकडे त्याला कोण ठेवणार, हे इतरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. समाजाची पोरं आपल्याकडेच येणार, हे ज्ञान त्यांनी व्यापारात वापरलंय. आपल्या माणसाला आपल्या वस्तीत घर मिळणं ही सोय आहे. त्या सोयीचं भाडं त्याच्या फुप्फुसांतून वसूल होत असेल तर त्याला बंधुता म्हणू नका.

मग करायचं काय? माझ्या सूचना साध्या आहेत. घर घेण्याआधी कपाट सरकवून मागची भिंत बघा. फक्त खालच्या तीन फुटांना ताजा रंग असेल तर प्रश्न विचारा. शेजाऱ्याला विचारा, आधीचे का गेले. ताबा घेतानाच भिंती, छत, मोरी यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, तारीख आपोआप नोंदली जाते. गळती आणि ओलीची दुरुस्ती मालकाने किती दिवसांत करायची, ही एक ओळ करारात घालून घ्या. तक्रार तोंडी करू नका. आणि एकट्याने करू नका. विहाराच्या कपाटात वर्गणीची वही असते, तशी एक घरांची वही ठेवा. कुठलं घर, कुठल्या भिंतीला ओल, मालकाने दुरुस्ती केली की नाही, डिपॉझिट परत दिलं की नाही, एवढंच लिहा. आपल्या मालकांचीही नोंद त्याच वहीत करा.

ही वही मी का मागते, ते सांगून थांबते. आम्ही ते घर दहाव्या महिन्यात सोडलं. काकूंनी रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचं ठरवलं होतं, किती ते सांगत नव्हत्या. सामान भरत होतो तेव्हा एजंट एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. गळ्यातल्या लॉकेटमध्ये बाबासाहेब. भिंती आदल्या दिवशीच रंगवलेल्या. तिने मला विचारलं, "घर कसं आहे हो ताई?" काकू शेजारी उभ्या होत्या आणि डिपॉझिट अडकलेलं होतं. मी म्हणाले, "चांगलं आहे." डिपॉझिट अर्धंच मिळालं. ती बाई त्या घरात किती पावसाळे राहिली, मला माहीत नाही. तिला माझ्याकडून एका वाक्याची गरज होती, ते मी दिलं नाही.

त्या पोराच्या खोलीवर मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. ओल वरच्या मजल्याच्या मोरीच्या पाईपची आहे. करार नाही, भाडं दरमहा ऑनलाईन जातं, त्याच्या नोंदी मोबाईलमध्ये आहेत. ओळखीच्या वकिलाला दाखवून चौघांनी मालकाला पंधरा दिवसांची नोटीस दिली, खाली चौघांच्या सह्या. दोघांच्या थुंकीची तपासणी झाली, टीबी नाही. मालक आपल्याच समाजाचे आहेत. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या रविवारी मुदत संपते, त्या दिवशी आम्ही सात-आठ जण त्यांच्याकडे जाणार आहोत. ज्येष्ठ सरांनाही मी फोन केला. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "किती वाजता जायचंय?"

जय भीम.